आजीच्या पेटीतलं बिस्कीट, दोन गिन्या आणि पुतळ्या : यातलं सरकारी काय?

गुहागरजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. आजी गेल्यावर तिची शिसवी पेटी उघडली, तर लुगड्याच्या घडीत तीन वस्तू सापडल्या. गोल कडांचं सोन्याचं एक बिस्कीट, त्यावर इंग्रजीत एका लंडनच्या कंपनीचं नाव, दहा तोळे आणि ९९९.० असा आकडा, म्हणजे हजारात ९९९ भाग शुद्ध सोनं. घोडेस्वाराचं चित्र असलेल्या दोन गिन्या, एक १९११ची आणि एक १९१८ची. आणि सात पुतळ्या ओवलेली एक माळ. त्यांचे प्रश्न तीन आहेत. यातलं सरकारी टाकसाळीचं काय? छाप असताना पुन्हा कस काढायची गरज आहे का? आणि गावातला सराफ म्हणतो तसं सगळं आटवून नवे दागिने करावेत का?

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथे घाई झाली तर परत फिरता येत नाही. काहीही आटवू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

आमच्या घरात सोनारकी तीन पिढ्यांची. आजोबा आणि वडील ऐरणीवर बसले. मी मात्र कस काढायच्या कामात शिरलो. आधी मुंबईत झवेरी बाजारात आणि आता बरीच वर्षं चिपळुणात. तेहतीस वर्षांत एवढं पक्कं कळलं की धातूवरचा छाप म्हणजे कुणीतरी केलेली सही असते. ती कुणाची, त्याने आत काय बघून ती केली, आणि चूक निघाली तर तो उभा राहणार का, हे विचारल्याशिवाय त्या छापाला किंमत देऊ नये.

आता १९१८ची गिनी हातात घ्या. घड्याळजीकडे असतं तसं भिंग लागेल. घोड्याच्या टापांखाली जमिनीची एक आडवी रेघ आहे आणि रेघेच्या खाली साल. सालाच्या बरोबर वर, त्या रेघेवर एक बारीकसं अक्षर असतं. ते इंग्रजी 'आय' असेल, तर ही गिनी मुंबईच्या टाकसाळीत पडलेली आहे. 'आय' म्हणजे इंडिया. त्याच जागी 'एस' असेल तर सिडनी, 'एम' मेलबर्न, 'पी' पर्थ, 'सी' कॅनडातलं ओटावा. १९११च्या गिनीवर अक्षर नसेल तर ती लंडनची.

आपण जिला गिनी म्हणतो तिचं खरं नाव सॉव्हरिन. वजन ७.९८८ ग्रॅम, बावीस कॅरट, म्हणजे आत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. मुंबईत ती फक्त एका सालाची निघाली. पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतलं सोनं समुद्रमार्गे लंडनला नेणं धोक्याचं झालं. इकडे हिंदुस्थानात युद्धखर्चामुळे नाण्यांची चणचण. तेव्हा ते सोनं मुंबईत उतरवायचं आणि इथेच नाणी पाडायची असं ठरलं. मुंबईच्या टाकसाळीत लंडनच्या राजेशाही टाकसाळीची शाखा उघडली. तिची तयारी होईपर्यंत त्याच वजनाची आणि त्याच कसाची पंधरा रुपयांची मोहोर पाडली गेली, तिच्यावरही साल १९१८च. नंतर सुमारे १३ लाख गिन्या निघाल्या आणि १९१९ मध्ये शाखा बंद झाली. खाणीतून आलेलं कच्चं सोनं शुद्ध करायची व्यवस्था टाकसाळीत आली तीही याच धामधुमीत. ती पुढे आपल्या कोकणाशी कशी जोडली जाते ते बिस्किटाच्या वेळी सांगतो.

म्हणजे तुमच्या पेटीतल्या सरकारी टाकसाळीच्या वस्तू बहुधा या दोन एवढ्याशा गिन्या. बिस्किटावर एवढी अक्षरं असून ते सरकारी नाही.

टाकसाळ, कस काढणारं कार्यालय आणि शुद्ध करणारी भट्टी ही तीन वेगळी कामं आहेत, हे लोकांच्या लक्षात येत नाही. टाकसाळ नाणं पाडते आणि त्याच्या वजनाची व कसाची हमी राज्य देतं. कस काढणाऱ्याचा धातू नसतो, तो विकत नाही, घेत नाही, फक्त तपासून खूण करतो. भट्टीवाला मळ काढून लगड ओततो आणि तिच्यावर आपलं नाव मारतो. पुष्कळदा ही कामं एका छपराखाली चालली, पण छाप वाचताना कुठल्या कामाचा आहे हे ओळखावं लागतं. भट्टीवाल्याचा छाप म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या मालाला दिलेलं प्रशस्तिपत्रक. चांगल्या भट्ट्यांनी ते शतकभर पाळलं हे खरं, तरी ते तेवढंच असतं.

आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. गावगाड्यात पोतदार असे तो याच कामाला. सारा भरायला आलेलं नाणं खरं की खोटं, कसाला पुरं की उणं, हे तो बघे. बहुतेक ठिकाणी हे काम सोनाराकडे असे. नाणं उणं असलं तर त्यावर बट्टा कापला जाई. 'नावाला बट्टा लागला' असं आपण सहज म्हणतो, ते या व्यवहारातून आलं. तसंच 'तावून सुलाखून'. तावणं म्हणजे तापवणं, सुलाखणं म्हणजे भोक पाडून आतलं बघणं. वरून सोनं दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवू नये, हे भाषेतच ठेवलेलं आहे.

१६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. त्याच्या मागण्यांत एक अशी होती की मुंबईत पाडलेली कंपनीची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. मुंबईत कंपनीने नुकतीच, १६७२ मध्ये, नाणी पाडायला सुरुवात केली होती. महाराजांचं उत्तर मी कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. ते असं की आम्ही कुठल्याच नाण्याला मनाई करत नाही, पण ज्यात रयतेला तोटा होईल ते नाणं घ्यायची सक्तीही करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं कसाचं आणि वजनाचं असेल, तर ते आपोआप चालेल. छाप कुणाचा हा मुद्दाच नाही, कस आणि वजन काय ते बोला. सोन्याच्या व्यवहारावर याहून नेमकं उत्तर माझ्या वाचनात नाही.

पुढे पेशवाईत टाकसाळी परवान्यावर चालल्या. १७४४ मध्ये आपल्याच भागात रेवदंड्याला आणि नागोठण्याला तांब्याचे पैसे पाडायचे परवाने दिले गेले, ठरावीक सालीना रक्कम घेऊन. अलिबागला आंग्र्यांचा रुपया निघे. एका बाजारात दहा तऱ्हेचे रुपये, प्रत्येकाचा कस निराळा, प्रत्येकावर बट्टा निराळा. सराफ आणि पोतदार यांच्यावाचून कुणाचं पान हलत नसे.

हे सगळं एका मापात आणलं १८३५च्या कायद्याने. रुपयाचं वजन १८० ग्रेन (ग्रेन हे इंग्रजी बारीक वजन), त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. आणि तोळाही १८० ग्रेनचाच ठरला. म्हणजे रुपया हेच एक तोळ्याचं वजन झालं. माझ्या आजोबांच्या तागडीच्या डबीत व्हिक्टोरिया राणीचे चार रुपये वजनं म्हणून होते. ते झिजले की बदलायचे, कारण झिजलेल्या रुपयाने तोललं की गिऱ्हाइकाच्या पदरात कमी पडतं. तोळ्याचे बत्तीस वाल आणि शहाण्णव गुंजा. आज तोळा म्हणून दहा ग्रॅम देतात, पण खरा तोळा ११.६६४ ग्रॅमचा. तुमच्या बिस्किटाचे दहा तोळे म्हणजे शंभर ग्रॅम नव्हेत, ११६.६४ ग्रॅम. सराफाने शंभर ग्रॅमचा हिशेब केला तर सोळा ग्रॅमहून जास्त सोनं तिथेच गेलं. हा आकडा लिहून ठेवा.

आताची मुंबईची टाकसाळ फोर्टात, रिझर्व्ह बँकेसमोर आहे. १८२४ ते १८२९ या काळात बॉम्बे इंजिनिअर्सच्या कॅप्टन जॉन हॉकिन्सने ती उभी केली. वाफेची यंत्रं इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहोच्या कारखान्यातून आली. तो कारखाना मॅथ्यू बोल्टनचा. याच बोल्टनने खटपट करून १७७३ मध्ये बर्मिंगहॅमला कस काढणारं सरकारमान्य कार्यालय मिळवलं होतं. त्याआधी तिथल्या चांदीकामगारांना माल छापून घ्यायला दूरच्या गावी पाठवावा लागे, आणि वाटेत खराबी होई. लंडनला ही पद्धत त्याहून फार जुनी. १३००च्या कायद्याने चांदीवर बिबट्याच्या तोंडाचा छाप आला, आणि १४७८ मध्ये सोनारांच्या संघाने आपल्या 'हॉल'मध्ये नेमलेला कसकरी बसवला. हॉलमध्ये मारलेली खूण म्हणून 'हॉलमार्क'. आज आपल्या खेड्यातली आजीसुद्धा तो शब्द वापरते.

मुंबईच्या टाकसाळीत १८९३ पर्यंत एक सोय होती, ती आता कुणाला खरी वाटत नाही. कुणीही आपली चांदी घेऊन जायचं, ती तपासून घ्यायची, दोन टक्के घडणावळ आणि थोडा वितळणखर्च द्यायचा आणि रुपये घेऊन यायचं. २६ जून १८९३ला ती बंद झाली, कारण चांदी जगभर उतरत चालली होती आणि रुपयाची किंमत तिच्याबरोबर घसरत होती. पण तोवर टाकसाळीतल्या कस काढणाऱ्या अधिकाऱ्याचा शब्द हा बाजारातला शेवटचा शब्द होता. ही माणसं साधी नव्हती. कलकत्त्याच्या टाकसाळीत हे काम करणारा जेम्स प्रिन्सेप ग्रेनच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक फरक दाखवणारा काटा वापरत असे, आणि त्यानेच १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तो वाचता आला तो या माणसामुळे. मला यात नवल वाटत नाही. झिजलेल्या खुणा तासन् तास बघायची सवय या कामातच लागते.

आता कस कसा काढतात ते सांगतो, म्हणजे छापावर का थांबू नये ते कळेल.

कसोटीचा दगड सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यावर सोनं घासून रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब फिरवायचा आणि कुठली रेघ किती विरते ते बघायचं. तयार हाताला यातून अर्ध्या कॅरटचा फरक कळतो. पण ९९५ आणि ९९९ हा फरक दगड सांगणार नाही. दुसरं, दुकानातलं क्ष-किरणाचं यंत्र. मिनिटात आकडा देतं, वस्तूला ओरखडा नाही. पण सोन्यात ते फक्त काही मायक्रॉन आत बघतं. केसाच्या जाडीचा लहानसा हिस्सा. त्याच्या खाली काय आहे ते त्याला दिसत नाही.

खरा निकाल अग्नीचा. बिस्किटाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतून पाव पाव ग्रॅम काढतो. ग्रॅमच्या लाखाव्या हिश्शापर्यंत तोलतो. त्यात अडीचपट शुद्ध चांदी घालतो आणि दोन्ही शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून गोळी करतो. ती गोळी एका छोट्या खोलगट वाटीत ठेवायची. वाटी पूर्वी हाडांच्या राखेची असे, आता मॅग्नेशियाचीही असते. भट्टी हजार अंशांच्या वर तापलेली. शिसं वितळतं, हवेतला प्राणवायू घेतं आणि तांबं, जस्त, असा सगळा हलका मळ बरोबर घेऊन वाटीत मुरतं. भट्टीच्या फटीतून बघत राहायचं. थेंबावर इंद्रधनुष्यासारखे रंग फिरतात, वेग वाढतो, मग एकदम विझल्यासारखं होतं आणि थेंब लख्ख उजळतो. ती झळक डोळ्यांनी टिपावी लागते. त्या क्षणी शिसं संपलेलं असतं आणि वाटीत फक्त सोनं आणि चांदी उरलेली असते.

तो मणी निवल्यावर हातोडीने चपटा करायचा, तापवून मऊ करायचा, रुळात घालून फीत करायची आणि फितीची गुंडाळी. ती शोऱ्याच्या तेजाबात दोनदा उकळायची. चांदी विरघळून जाते. उरतं ते तपकिरी, ठिसूळ, मातीच्या बांगडीसारखं काहीतरी. नवीन मुलगा पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला वाटतं सोनं जळून गेलं. ती गुंडाळी धुऊन पुन्हा लालभडक तापवली की डोळ्यांसमोर पिवळी होते. मग तोलायची. आधीच्या वजनाला नंतरच्या वजनाने किती उत्तर दिलं, तोच कस. शेजारी त्याच भट्टीत माहीत असलेल्या शुद्ध सोन्याचा नमुनाही चालवतो, म्हणजे भट्टीची स्वतःची चूक वजा करता येते. त्या नमुन्याला प्रमाण सोनं लागतं. पूर्वी ते बाहेरून आणावं लागे. आता मुंबईच्या टाकसाळीने भाभा अणुसंशोधन केंद्र आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या साथीने ९९९.९ शुद्धतेचं प्रमाण सोनं तयार केलं आहे, बीएनडी ४२०१ नावाचं. माझ्या दृष्टीने टाकसाळीचं अलीकडचं सर्वांत मोलाचं काम हेच.

आता बिस्कीट. लंडन आणि स्वित्झर्लंडमधल्या भट्ट्या दहा तोळ्यांची ही बिस्किटं खास आपल्या बाजारासाठी ओतत. युरोपात सोन्याचा मोठा व्यवहार सुमारे चारशे औंसांच्या, साडेबारा किलोंच्या लगडींत चालतो. तोळ्यात मोजणारं गिऱ्हाईक फक्त इकडचं. १९४७ मध्ये सोन्याच्या आयातीवर बंदी आली. देशातला भाव आणि बाहेरचा भाव यांत अंतर पडलं, आणि त्या अंतरावर दुबईहून लाँचींतून चोरटं सोनं आणायचा धंदा चालू झाला. जाड कापडाच्या जाकिटात शंभर कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक बिस्कीट. म्हणजे एका माणसाच्या अंगावर साडेअकरा किलोंहून जास्त सोनं. बिस्किटाच्या कडा गोल असल्याचा फायदा हा की कापड फाटत नाही. माल उतरायचा तो पश्चिम किनाऱ्यावर, आणि त्यात आपल्या खाड्या, आपली बंदरं आली. किनाऱ्याच्या गावांत साठी ओलांडलेल्या माणसांना यातलं काही ना काही ठाऊक असतं, फक्त कुणी बोलत नाही. तुमच्या आजीकडे ते कसं आलं हे मी विचारणार नाही. मुंबईच्या बाजारातून सरळ विकत घेतलेलीही असंख्य होती.

पावती का नाही, हे मात्र सांगू शकतो. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चौदा कॅरटहून जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी झाली. १९६८च्या कायद्याने लगड, बिस्कीट, पाट अशा रूपातलं सोनं सामान्य माणसाने बाळगणंच गुन्हा ठरवलं. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, पण कायदा जून १९९० पर्यंत राहिला. म्हणून आजीने ते लुगड्याच्या घडीत ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

माझ्या आजोबांची ऐरण त्या तीन वर्षांत जवळजवळ थंड होती. चौदा कॅरटचं मंगळसूत्र कोण घालणार? ते भातशेतीकडे वळले, दोन काका मुंबईला गिरणीत गेले, एक परत धंद्यात आलाच नाही. देशभरात सोनारांनी आत्महत्या केल्या. आमच्या घरी आजी रात्री आजोबांच्या खोलीबाहेर निजायची, असं वडील सांगत. सोन्याची हाव कमी व्हावी हा हेतू वाईट नव्हता. पण हाव होती घेणाऱ्याची आणि उपाशी राहिला घडवणारा, हे मला आजही सलतं.

किनाऱ्यावर पकडलेलं सोनं सरकारजमा होई आणि शुद्ध व्हायला टाकसाळीत जाई. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या वेळी बसवलेली ती व्यवस्था अशी चोरट्या बिस्किटांच्या कामी आली. त्याचा शेवटचा मोठा प्रवास १९९१ मधला. परकी चलन संपत आलं तेव्हा त्या मे महिन्यात सरकारने जप्तीच्या साठ्यातलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला दिलं. जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवलं. गहाण पडलेल्या देशाच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. त्या पहिल्या वीस टनांत आपल्या खाड्यांत पकडलेली किती बिस्किटं वितळलेली असतील, हा विचार मला तेव्हा भट्टीसमोर बसून आला होता.

छाप असताना पुन्हा कस का काढायचा, याला माझाच अनुभव सांगतो. खूप वर्षांपूर्वी एक गृहस्थ असंच दहा तोळ्यांचं बिस्कीट घेऊन आले. छाप नामांकित भट्टीचा, अक्षरं तीक्ष्ण. वजन ११६.६ ग्रॅम, बरोबर. यंत्राने ९९.८ दाखवलं. मुलीच्या लग्नासाठी विकायचं होतं, कापायला ते तयार नव्हते. मी यंत्राचा आकडा लिहून सही केली. आठवड्याने व्यापाऱ्याने ते कापलं तर आत पांढरी पट्टी. चांदीवर सोन्याचं जाड कवच. बिस्कीट नेहमीपेक्षा जाड होतं आणि ते मला बोटांना जाणवलंही होतं, पण शेजारी ठेवून ताडायला दुसरं नव्हतं, आणि मी छापावर विसंबलो. त्या गृहस्थांना ते त्यांच्या वडिलांकडून आलेलं, फसवणूक त्यांचीही झालेली. व्यापाऱ्याचे पैसे मी भरले. तेव्हापासून कापल्याशिवाय लगडीच्या कसावर मी सही करत नाही.

ती चूक घरच्या घरी पकडता आली असती, म्हणून तुम्हाला ही रीत सांगतो. ग्रॅमचा शंभरावा हिस्सा दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. बिस्कीट बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं हाताने धरा. काटा जो आकडा दाखवेल तो बाजूला पडलेल्या पाण्याचा. शुद्ध सोन्याच्या दहा तोळ्यांना तो ६.०४ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. माझ्या त्या बिस्किटाला साडेसाताच्या पुढे आला असता. गिन्यांनाही हीच रीत, मात्र तिथे आकडा अर्ध्या ग्रॅमहून थोडा कमी, ०.४५ च्या आसपास. एक धोका उरतो. टंगस्टन नावाच्या धातूची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की पाण्याला फरक कळत नाही. जुन्या, साठ-सत्तरच्या दशकांतल्या बिस्किटात ती भीती कमी, तरी कोपरा कापून अग्निपरीक्षा केली की प्रश्नच संपतो.

राहिल्या पुतळ्या. यांच्याविषयी बोलताना माझा हात सैल सुटतो, क्षमा करा. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं नाणं, डुकाट. १२८४ मध्ये तिथल्या टाकसाळीत ते पहिल्यांदा पडलं आणि १७९७ मध्ये ते राज्य बुडेपर्यंत निघत राहिलं. वजन साडेतीन ग्रॅम, आणि सोनं त्या काळच्या भट्टीला जेवढं शुद्ध करता येई तेवढं. पाचशे वर्षांत चित्र जवळजवळ तेच ठेवलं आणि कसाला धक्का लावला नाही. मिरी आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी आपल्या किनाऱ्यावर आली. आपल्या बायकांनी त्यांवरच्या माणसांच्या आकृती बघून त्यांना पुतळी म्हटलं आणि गळ्यात घातलं. व्हेनिस कुठे आहे हे कुणाला माहीत नव्हतं, पण पुतळीचं सोनं घासून बघायची गरज नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पुढे आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या, म्हणून तुमच्या सातांतल्या काही, कदाचित सगळ्या, इथल्या असतील. भिंगातून अक्षरं बघा. खऱ्या नाण्यावर लॅटिन अक्षरं वाचता येतात, निशाणाची काठी स्पष्ट असते. इथल्या घडणीत अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि ठिपके येतात. खरी एक जरी निघाली, तर तिची किंमत वजनापलीकडची आहे. इथली असेल तर ती आपल्या कारागिराची आहे, तीही आटवण्यासारखी नाही.

आता व्यवहाराचं. नियंत्रण कायदा १९९० मध्ये गेला, तेव्हा बिस्कीट घरात असणं आज गुन्हा नाही. पण आयकर खात्याची ११ मे १९९४ची सूचना, विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत अशी, ती दागिन्यांपुरती आहे. बिस्किटाला आणि सुट्या गिन्यांना तिचा आधार धरू नका. आजीचं मृत्युपत्र असेल तर त्यात उल्लेख आहे का बघा, नसेल तर भावंडांनी मिळून सापडलेल्या वस्तूंची वजनासह यादी करा, फोटो काढा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तारीख घाला. विकायची वेळ आली तर वारशाने आलेल्या जुन्या सोन्याला १ एप्रिल २००१चा भाव खरेदीकिंमत म्हणून धरता येतो, ते तुमच्या सीएंकडून करून घ्या.

सराफ म्हणेल की बिस्किटावर हॉलमार्क नाही म्हणून भाव कमी. ते मानू नका. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांचं हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झालं, १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक, त्याच्याशिवाय नवा दागिना विकता येत नाही. ही सक्ती दागिन्यांना आहे, लगडीला नाही. बिस्किटाचा भाव ठरवायला कसाचा लेखी निकाल पुरतो. नवे दागिने घ्याल तेव्हा मात्र त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ आणि एचयूआयडी या तिन्ही खुणा भिंगातून वाचा आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो क्रमांक घालून बघा. दागिन्याचा प्रकार अ‍ॅपवर 'अंगठी' आणि तुमच्या हातात साखळी असली, तर तिथूनच परत फिरा.

आधी घरी पाण्याची परीक्षा करा. मग बिस्कीट घेऊन मान्यताप्राप्त कसकेंद्रात जा, समोर उभं राहून दोन कोपरे कापून घ्या, आणि कापलेल्यातून उरलेला चुरा व तो सोन्याचा मणी परत मागून घ्या. तो तुमचा आहे, बरेच जण मागायला विसरतात. '१९१८' आणि त्या बारीक 'आय'ची गिनी कापू देऊ नका आणि घासूही देऊ नका, तिला वजन, जाडी आणि पाणी एवढंच पुरे. पुतळ्यांची माळ दोऱ्यातून न सोडवता आणा. जुना गोफ कुणी आणि कसा गुंफला तेही बघायचं असतं.